सभास्थानातून घरात

शास्त्रभाग : मार्क १:२९–३१



मार्काने आपल्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात प्रभु येशूच्या एका शब्बाथ दिवसाची हकीकत दिली आहे. सकाळी कफर्णहूमच्या सभास्थानात प्रभूने शिक्षण दिले, अशुद्ध आत्मा लागलेल्या एका माणसाला मोकळे केले, आणि लोक थक्क झाले. अशी उपासना आपल्या मंडळीत झाली असती तर आपण महिनाभर तिच्याविषयीच बोलत राहिलो असतो. मार्क मात्र तिथे रेंगाळत नाही. सभास्थानातून निघून ते लगेच शिमोन व आंद्रिया यांच्या घरी गेले, असे तो सांगतो. बरोबर याकोब व योहानही होते. घरात शिमोनाची सासू तापाने पडली होती.

थोडे मागे जाऊन पाहा. याच अध्यायात, चौदा-पंधरा ओव्यांपूर्वी नव्हे, अगदी अलीकडेच, सोळाव्या ते अठराव्या वचनांत, शिमोनाने समुद्रकाठी जाळी टाकून प्रभूचा मार्ग धरला होता. ते वाचताना आपल्याला वाटते, आता याचे घरदार सुटले. आणि पान उलटण्याच्या आत प्रभु त्याच्याच घराच्या उंबरठ्यावर उभा! शिमोनाने जाळी सोडली, पण घर त्याच्या शिष्यत्वातून वगळले गेले नाही. पुढेही ते वगळले गेलेले दिसत नाही. करिंथकरांस लिहिताना पौल सांगतो की केफा आपल्या पत्नीला बरोबर घेऊन फिरतो (१ करिंथ ९:५). ज्या बाईच्या आईचा ताप प्रभूने काढला तीच ही असावी. सुवार्तेच्या प्रवासाला ती निघाली, यामागे त्या दिवशी तिने घरात जे पाहिले त्याचा वाटा असेल काय, हा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

हा शास्त्रभाग सुरतेच्या पर्वत पाटियासारख्या ठिकाणी वाचला की फार जवळचा वाटतो. ज्यांनी हा भाग पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. हमरस्त्यावरून आतल्या गावाकडे जिथे वाट फुटते तिथे गावाच्या नावाची पाटी असते, आणि गुजरातेत अशा ठिकाणाला 'पाटिया' म्हणतात. सुरतेहून कडोदरा-बारडोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर पर्वत नावाच्या गावाची अशी पाटी होती. आता गाव शहरात मिसळून गेले, पण नाव राहिले. नावात पर्वत असला तरी जमीन सपाट, आणि मोठा पाऊस झाला की खाडीचे पाणी वस्तीत शिरण्याची धास्ती. उधना, लिंबायत, डिंडोली, पर्वत पाटिया या पट्ट्यात खानदेशातून आलेली मराठी माणसे फार. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, जळगाव इकडून तापीकाठच्या रेल्वेने लोक आले, आणि लूमवर, रंगाई-छपाईच्या मिलमध्ये, कापडबाजारात कामाला लागले. महापालिकेच्या मराठी शाळा आहेत, गणपती आहे, बाजारात भरताची वांगी मिळतात. या वस्तीत आपली ख्रिस्ती घरेही आहेत.

त्यातले एक घर डोळ्यांसमोर आणा. एक खोली, पुढे ओटा, मागे मोरी. घरधनी रात्रपाळी करून सकाळी येतो आणि त्याच खोलीत दिवसा झोपतो. त्याच खोलीत साड्यांचे पोटले सोडलेले असते. घरातली बाई साडीला लेस लावते किंवा टिकल्या चिकटवते, मोठी मुलगी धागे कापते. मजुरी नगावर. आणि खानदेशातून आलेली म्हातारी आई, त्याची किंवा तिची, भिंतीकडे तोंड करून निजलेली असते. अशा खोलीत कोणालाही ताप आला तर तो साऱ्या घराला येतो. शिमोनाचे घर याहून फार मोठे असेल असे मला वाटत नाही. त्यात दोन भावांचे बिऱ्हाड, वर सासू, आणि आता पाहुणे.

मार्क म्हणतो, त्यांनी लगेच तिच्याविषयी येशूला सांगितले. पहिला धडा या चार-पाच शब्दांत आहे. त्यांनी काही लपविले नाही. पाहुणा मोठा आहे, नुकताच सभास्थान गाजवून आला आहे, त्याला आतल्या खोलीतले आजारपण कशाला दाखवायचे, असे त्यांना वाटले नाही. आपण काय करतो? पाळकसाहेब भेटीला आले की पोटले पलंगाखाली सारतो, म्हातारीच्या अंगावर स्वच्छ चादर टाकतो, भांडण गिळतो आणि 'प्रभूच्या कृपेने सर्व ठीक आहे' असे म्हणतो. पाळकसाहेबांपुरते ते चालेलही. पण घरच्या प्रार्थनेतही आपण तेच करतो. आपली कौटुंबिक प्रार्थना ऐका. राष्ट्राच्या पुढाऱ्यांसाठी, दूरच्या मिशनक्षेत्रासाठी, मंडळीच्या इमारतीसाठी, सर्व आजाऱ्यांसाठी प्रार्थना होते. या सर्वांसाठी ती व्हावीच. परंतु ज्या घरात नवराबायको दोन दिवस एकमेकांशी बोललेली नाहीत, तिथे त्या अबोल्याविषयी प्रार्थनेत एक अक्षर निघत नाही. मुले डोळे मिटून ऐकत असतात. त्यांना अबोला ठाऊक असतो. प्रार्थनेत तो येत नाही हेही त्यांच्या ध्यानात येते, आणि देवाला कोणत्या गोष्टी सांगायच्या असतात व कोणत्या सांगायच्या नसतात, हे ती तिथे शिकतात. शब्बाथ शाळेत पुढे दहा वर्षे शिकवूनही हा धडा पुसणे कठीण जाते.

मग प्रभु जवळ गेला, तिचा हात धरला आणि तिला उठविले. लूक हीच हकीकत सांगताना प्रभूने तापाला धमकाविल्याचे सांगतो (लूक ४:३९). मार्काला मात्र हात आठवतो. मार्काने आपले शुभवर्तमान पेत्राच्या तोंडून ऐकलेल्या आठवणींवरून लिहिले, असे प्राचीन मंडळीत मानीत असत. तसे असेल तर तो हात पेत्रानेच लक्षात ठेवला असला पाहिजे. सासूचा हात कोण धरतो? जावई तर नक्कीच नाही. आपल्या समाजात सासूचे आजारपण हे बायकांचे काम, आणि जावयाचे काम रिक्षा आणण्यापुरते. शिमोनाच्या डोळ्यांदेखत त्याच्या गुरूने त्या म्हातारीच्या अंथरुणाजवळ जाऊन तिचा हात हातात घेतला. शिष्य झाल्यावर त्याला मिळालेल्या पहिल्या धड्यांपैकी हा एक होता, आणि तो त्याला स्वतःच्याच घरात मिळाला.

ताप निघाला आणि ती त्यांची सेवा करू लागली. या वाक्यावर काही भगिनी नाराज होतात आणि त्यांची नाराजी मला समजते. उठली नाही तोच चुलीपुढे! पुष्कळ घरांत तसेच चालते. बाईला ताप आला तर स्वयंपाक कोण करणार ही पहिली चिंता, आणि ताप उतरला की पहिला आनंदही तोच. पण मार्काने इथे जो 'सेवा' शब्द वापरला आहे तो मूळ ग्रीक भाषेत पाहण्यासारखा आहे. अरण्यात देवदूतांनी प्रभूची सेवा केली, तिथे तोच शब्द आहे (मार्क १:१३). मनुष्याचा पुत्र सेवा करून घेण्यास नव्हे तर सेवा करण्यास आला, असे प्रभु स्वतःविषयी बोलतो, तिथेही तोच शब्द आहे (मार्क १०:४५). आपल्या मंडळीत ज्याला आपण 'डीकन' म्हणतो तो शब्दही त्याच धातूपासून निघालेला. मेजावर वाढणारा, असा त्याचा साधा अर्थ. (रविवारी दानाची थैली फिरविणारे डीकन घरी ताटे मांडतात की नाही, हे त्यांच्या मुलांना विचारावे.) म्हणजे मार्काच्या शुभवर्तमानात प्रभूचे काम ज्या शब्दाने सांगितले आहे, त्याच शब्दाने या म्हातारीचे कामही सांगितले आहे. बारा शिष्यांपैकी कोणाविषयीही मार्क तो शब्द वापरीत नाही.

आणि याकोब व योहान? ते त्या दिवशी तिथे होते, मार्काने नावे घेऊन सांगितले आहे. त्यांनी तिच्या हातचे खाल्ले असणार. तरी दहाव्या अध्यायात हेच दोघे भाऊ प्रभूकडे येतात आणि तुझ्या गौरवात एकाला उजवीकडे व एकाला डावीकडे बसू दे असे मागतात. ज्या घरात शिष्यत्वाचा धडा समोर वाढला गेला होता, तिथून ते जेवून उठले आणि धडा ताटातच राहिला. दहाव्या अध्यायात प्रभूला तो पुन्हा तोंडी शिकवावा लागला. यावरून एक गोष्ट दिसते. घरात शिकण्यासारखे असते तेव्हा ते आपोआप शिकले जातेच असे नाही. पाहणाऱ्याला पाहावे लागते, आणि कोणीतरी बोट दाखवावे लागते. शब्बाथ शाळेच्या शिक्षकांचे काम इथे आहे.

आता त्या साड्यांच्या पोटल्याकडे वळू. समजा, एका साडीवर चिकटवण्याचा गोंद सांडला आणि डाग पडला. दाखवावा तर मजुरी कापली जाईल, कदाचित साडीची किंमतही भरावी लागेल. डाग आत जाईल अशी घडी घालावी तर शेठच्या माणसाला कळायचे नाही, साडी बाजारातून कुठच्या कुठे जाईल. मुलगी शेजारी बसून धागे कापीत आहे. ती काही बोलत नाही. आई घडी कशी घालते एवढेच ती पाहते. त्या क्षणी त्या खोलीत जे होते त्याला मी धर्मशिक्षण म्हणतो. अनुवादाच्या सहाव्या अध्यायात देवाने इस्राएलास सांगितले की माझी वचने मुलांच्या मनावर बिंबवा, घरी बसता, वाटेने चालता, निजता आणि उठता त्यांविषयी बोला. त्या यादीत मंदिर नाही, शाळा नाही. बसणे आहे, चालणे आहे, निजणे आहे. साडीची घडी घालणेही त्यात येते असे मी समजतो. आणि हा निर्णय सोपा आहे असे कोणी समजू नये. दिवसाची मजुरी गेली तर त्या घरात संध्याकाळी काय शिजेल हा खरा प्रश्न आहे. पोट भरलेल्या माणसाने व्यासपीठावरून प्रामाणिकपणाचा उपदेश करणे स्वस्त असते. म्हणून मी म्हणतो, ज्या मंडळीला आपल्या भगिनींनी डाग दाखवावा असे वाटते, त्या मंडळीने कापल्या गेलेल्या मजुरीच्या दिवशी त्या घरी पीठ पोहोचवावे.

घर आपल्याला पाहते, आणि घराला फसविता येत नाही. आपल्या मराठी ख्रिस्ती लोकांना याचा दाखला शोधण्यासाठी लांब जायला नको. रेव्हरंड नारायण वामन टिळकांना आपण त्यांच्या भजनांमुळे ओळखतो. टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला. त्यांची पत्नी लक्ष्मीबाई त्या वेळी ख्रिस्ती झाल्या नव्हत्या. काही वर्षे दोघे वेगळी राहिली. पुढे त्या नवऱ्याकडे राहायला आल्या तेव्हाही त्यांचे सोवळे सुटले नव्हते. ज्या माहेरी वडिलांच्या सोवळ्यापायी मीठसुद्धा धुऊन घेत, तिथे वाढलेली ती बाई. ख्रिस्ती नवऱ्याच्या घरात तिची चूल वेगळी होती. टिळकांनी तिच्यावर जबरदस्ती केली नाही. तिचे मन तिच्या गतीने उकलत गेले, जातिभेद माणसांनी केला आहे हे तिला स्वतःला उमगले, आणि १९०० साली तिचा बाप्तिस्मा झाला.

घरात दोन चुली! बाहेर सुवार्ता सांगणाऱ्या माणसाला ही केवढी नामुष्की वाटली असेल. लोक बोलत असतीलच. शीघ्रकोपी माणसाने आपल्या घरी एवढा धीर धरावा, ही मला त्यांच्या कोणत्याही प्रवचनापेक्षा मोठी गोष्ट वाटते. शीघ्रकोपी हा शब्द मी माझ्या पदरचा घालीत नाही. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'त टिळक जसे आहेत तसे दिसतात. त्यांचा राग दिसतो, विसरभोळेपणा दिसतो, घरात उद्याची सोय नसताना हातातले देऊन टाकण्याची त्यांची सवय दिसते, आणि त्या सवयीपायी बायकोला करावी लागलेली ओढाताणही दिसते. शाळेत कधी न गेलेल्या, नवऱ्याच्या धडपडीने लिहायला-वाचायला शिकलेल्या या बाईने त्याचे काही झाकले नाही. तरी ते पुस्तक मिटताना त्या माणसाविषयी आपल्या मनात आदर वाढलेला असतो. त्याचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' तिनेच पुढे नेऊन पुरे केले. मंडळीने लिहिलेली चरित्रे पुष्कळ आहेत. हे चरित्र घराने लिहिले आहे. आपल्यापैकी कितीजणांचे चरित्र आपल्या बायकोने लिहिलेले आपल्याला छापून हवे असेल?

इथे एक जड गोष्ट बोलायची आहे. सुरतेत राहणाऱ्या आपल्या पुष्कळ कुटुंबांचे आईवडील खानदेशात गावी आहेत. भावाभावांत वाटणी झालेली, आणि म्हातारी कोणाकडे राहणार याची बोलणी अजून संपलेली नाहीत. पावसाळ्यात इकडे, दिवाळीनंतर तिकडे, असे तिचे महिने ठरतात. ज्याच्याकडे ती असते तो दुसऱ्याला फोन करून औषधाचा हिशेब सांगतो. आणि यातला एखादा भाऊ मंडळीत पंच असतो, दशांश नेमाने देतो, उपवास-प्रार्थनेला पहिल्या रांगेत असतो. त्याला विचारले तर तो म्हणतो, माझा सगळा वेळ प्रभूच्या कामात जातो.

प्रभूने याला नाव ठेवले आहे. मार्काच्या सातव्या अध्यायात ते आहे. त्या काळी एखादा मनुष्य आईबापाला सांगे की तुम्हाला माझ्याकडून जे मिळायचे ते 'कुर्बान', म्हणजे देवाला अर्पण झाले आहे. झाले, मग त्याने आईबापासाठी काही करण्याची गरज उरत नसे. अशा रीतीने तुम्ही देवाचे वचन रद्द करता, असे प्रभु परूश्यांना व शास्त्र्यांना म्हणाला. अर्पण देवाला, आणि त्यामुळे देवाची आज्ञा रद्द! धार्मिकतेची ही तऱ्हा अजून आपल्यात आहे. तिचा बंदोबस्त मंडळीच्या सभेत ठराव करून होणार नाही. पण जो पंच आपल्या आईचा हात धरीत नाही त्याच्या हातून प्रभुभोजनाची भाकर फिरवून घेण्यापूर्वी पाळकांनी त्याच्याशी एकांतात बोलावे, एवढे तरी व्हावे असे माझे स्पष्ट मत आहे. मोठ्या देणगीदाराशी तर आधी बोलावे.

याउलटही पाहिलेले आहे. सुना आपल्या सासूचे केस विंचरतात, तिला खानदेशी बोलीत गावच्या गोष्टी सांगायला लावतात, रात्री मुलांना तिच्याजवळ बसवून शास्त्र वाचून घेतात. मुले गुजराती किंवा हिंदी माध्यमात शिकत असली तर मराठी बायबल अडखळत वाचतात. म्हातारीला अक्षर येत नाही, पण वचन पाठ असते. मूल चुकले की ती भिंतीकडे तोंड ठेवूनच दुरुस्त करते. तीमथ्याला विश्वास आजी लोईस व आई युनीके यांच्याकडून मिळाला, असे पौल लिहितो (२ तीमथ्य १:५). परमुलखात राहणाऱ्या आपल्या लोकांची भाषा आणि विश्वास ही दोन्ही अशाच खोल्यांतून पुढे जात आहेत. ज्या घरी आजीला कोपरा उरला नाही तिथून ती दोन्ही एकदमच निघून जातील अशी मला भीती वाटते.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. हा शास्त्रभाग शिकविताना चमत्कारावर सगळा तास घालवू नका. मुलांना कागद द्या आणि शिमोनाचे घर काढायला सांगा. दार कुठे, चूल कुठे, याकोब-योहान कुठे बसले आहेत, शिमोनाची बायको कुठे आहे, आजी कुठे निजली आहे. बहुतेक मुले आपलेच घर काढतील. कोणाच्या चित्रात लूमवरून आलेला बाप झोपलेला असेल, कोणाच्या चित्रात साड्यांचा ढीग असेल. मग विचारा, या घरात प्रभु आला तर त्याला आधी कोणाविषयी सांगाल? उत्तर मोठ्याने मागू नका. चिठ्ठीवर लिहून ती घडी करून मुलांनी घरी न्यावी, आणि रात्रीच्या प्रार्थनेपूर्वी घरच्यांना वाचून दाखवावी. मार्क पुढे सांगतो की त्या संध्याकाळी, सूर्य मावळल्यावर, सारे गाव शिमोनाच्या दारापुढे जमले. दुपारी त्या दाराच्या आत काय झाले होते हे त्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असावे.